द्रष्टा, दृश्य आणि पुंजवाद

आधुनिक पदार्थविज्ञान अखेर वेदान्ताच्या दारी येऊन उभे राहिले, असे विधान आपल्याकडील व्याख्यानमालांतून, प्रवचनांतून आणि परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळांच्या उत्सवांतून आता इतक्या वेळा केले जाते की, ते ऐकून कोणी चमकत नाही. विधानाच्या पुष्ट्यर्थ घ्यावयाची नावेही ठरून गेलेली आहेत : श्रोडिंजर, हायझेनबर्ग, अलीकडे पेनरोज. श्रोत्यांना अभिमान वाटतो, टाळ्या पडतात आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये, असे आम्हांस वाटते. परमाणूच्या पोटात चालणाऱ्या व्यवहारांचा मनुष्याच्या जाणिवेशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे जगातील काही थोर बुद्धिमंतांनी हाताळला आहे. त्या प्रयत्नांचा इतिहास क्रमाने पाहिला, तर आपण अभिमान कशाचा बाळगावा आणि कशाचा बाळगू नये, हेही आपोआप स्पष्ट होईल.

प्रश्न मुळात जुना आहे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली विश्वाचे जे चित्र रंगविले, ते एखाद्या अचूक घड्याळासारखे होते. विश्वातील सर्व कणांची या क्षणीची स्थाने आणि गती कोणा बुद्धिमंतास ठाऊक असतील, तर भूत आणि भविष्य दोन्ही त्याच्यापुढे उघडे पडतील, असा त्याचा दावा होता. या चित्रात इच्छेला, निश्चयाला, किंबहुना मनालाच जागा उरत नव्हती. तरीही मनाचे काय, हा प्रश्न बुजला नाही. १८७२ साली लाइपझिग येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या संमेलनात एमिल द्यु बोआ-रेमाँ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने स्पष्टच सांगितले की, मेंदूतील प्रत्येक परमाणूची हालचाल कळली, तरी त्या हालचालीतून वेदना, गोडी वा गुलाबाचा सुगंध यांची जाणीव कशी उपजते, हे विज्ञानाला केव्हाही सांगता येणार नाही. ही अडचण आजही जवळजवळ त्याच शब्दांत मांडली जाते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या घड्याळाला पहिला तडा १९०० साली गेला. ऊर्जेची देवघेव अखंड धारेने न होता ठरावीक पुंजांनी होते, असे माक्स प्लांक यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात बर्लिन येथे मांडले. पुढे पाव शतकात त्या बीजाचा वृक्ष झाला. त्यालाच आपण पुंजवाद, किंवा आता सर्रास क्वांटम सिद्धान्त, म्हणतो. १९२७ साली हायझेनबर्ग यांनी दाखविले की, कणाचे स्थान आणि त्याचा संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरविता येत नाहीत, आणि हा दोष उपकरणाचा नसून निसर्गाच्या घडणीतच आहे. लाप्लासच्या बुद्धिमंताला जी माहिती हवी होती, ती मिळण्याजोगीच नव्हती.

मनाच्या कैवाऱ्यांना ही संधी वाटली, यात नवल नाही. आर्थर एडिंग्टन हे इंग्लंडातील नामांकित ज्योतिर्विद. १९२७ साली एडिंबरो येथे दिलेली आपली व्याख्याने १९२८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करताना त्यांनी लिहिले की, पदार्थविज्ञानाने नियतिवादाची कास सोडली आहे. मग मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला नकार देण्याचे कारण उरत नाही. या युक्तिवादाचा परामर्श सुसान स्टेबिंग या तर्कशास्त्रज्ञ विदुषीने १९३७ साली घेतला. नियतीची बेडी तुटली म्हणजे स्वातंत्र्य मिळाले असे होत नाही. सोंगटीचा फासा कसाही पडतो, म्हणून तो स्वतंत्र ठरत नाही. आणि आमचा हात जर फाशासारखा योगायोगाने उचलला जात असेल, तर त्याला आमची इच्छा म्हणणे हे नियतीपेक्षाही दुबळे स्पष्टीकरण होय. हा आक्षेप अद्याप कोणाला पुरतेपणी परतविता आलेला नाही.

तथापि, पुंजवादाने मनाला जो खरा दरवाजा उघडून दिला, तो इच्छास्वातंत्र्याचा नव्हे, तो मापनाचा. पुंजवादाप्रमाणे कणाची अवस्था ही अनेक शक्यतांची मिळून असते. मोजमाप केले की, मात्र एकच शक्यता हाती लागते. हा निश्चय नेमका कोठे होतो? १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जॉन फॉन नॉयमन यांनी या प्रश्नाचा गणिती पाठलाग केला. आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य फायलींत जाते; म्हणून त्यांचा मुद्दा फाइलीच्या दृष्टान्तानेच सांगतो. प्रकरण कारकुनाकडून सेक्शन ऑफिसरकडे, तेथून अंडर सेक्रेटरीकडे आणि पुढे डेप्युटी सेक्रेटरीकडे जाते. प्रत्येक मेजावर टिपण वाढते, दोन्ही पर्याय पुन्हा मांडले जातात आणि ‘आदेशार्थ सादर’ असा शेरा मारून फाइल वर सरकते. निर्णय कोणीच करीत नाही. फॉन नॉयमन यांच्या गणितात कणाचा दुहेरीपणा उपकरणाच्या काट्यात उतरतो, काट्याचा प्रकाशात, प्रकाशाचा डोळ्यात, डोळ्याचा मज्जातंतूंत आणि अखेर मेंदूत. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यामधील रेषा या साखळीत कोठेही ओढली तरी उत्तर तेच येते, एवढेच त्यांनी सिद्ध केले. शेवटच्या मेजावर कोण बसले आहे, हे त्यांनी गणितात सांगितले नाही.

ते धाडस इतरांनी केले. फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बावर यांनी १९३९ साली, आणि यूजीन विग्नर यांनी १९६१ साली उघडपणे, असे प्रतिपादन केले की, निश्चय होतो तो द्रष्ट्याच्या जाणिवेपाशी. तेथे फाइलीवर सही होते. विग्नर यांनी एक सुंदर कोडे घातले. बंद खोलीतील आपल्या मित्राने प्रयोग पाहिला आणि आपण बाहेर उभे आहो. मित्राला उत्तर ठाऊक आहे. पण आपल्या समीकरणात तो मित्रच दोन अवस्थांच्या मिश्रणात लोंबकळत आहे. सचेतन मनुष्याला असे लोंबकळत ठेवणे हास्यास्पद नव्हे काय? म्हणून, त्यांच्या मते, चैतन्यापाशी नेहमीचे नियम बदलले पाहिजेत.

वेदान्ताच्या व्याख्यात्यांनी विग्नर यांचे हे मत उचलून धरले. पण त्यांनी पुढे काय केले, ते सहसा सांगितले जात नाही. १९७० साली हायडेलबर्गचे डीटर त्से यांनी दाखविले की, कोणतेही मोठे उपकरण जगापासून तुटलेले नसते. हवेचे रेणू आणि प्रकाशाचे कण त्यावर सतत आदळत असतात आणि शक्यतांमधील नाजूक सुसंगती क्षणार्धात आसमंतात विरून जाते. कोणी पाहो वा न पाहो, मिश्रणाच्या खुणा पुसल्या जातात. अनेकांतून एकच शक्यता का उरते, याचे संपूर्ण उत्तर यात नाही, हे खरे. तरीही हा विचार ध्यानी आल्यावर १९८० नंतरच्या दशकात विग्नर यांनी आपले जुने मत स्वतःच सोडून दिले. मोठ्या उपकरणांनाही पुंजवादाची समीकरणे जशीच्या तशी लावता येतात हे आपले गृहीत टिकत नाही, हे त्यांना पटले होते. शिवाय आपला मार्ग अखेर ‘मीच एकटा खरा’ या मताकडे जातो, ही बोचणीही होती. आपला पक्ष इतक्या सरळपणे मागे घेणारा विद्वान हा आमच्या मते त्या पक्षापेक्षाही अधिक अनुकरणीय आहे.

आता श्रोडिंजर यांच्याकडे वळू. कारण आपला अभिमान मुख्यतः त्यांच्या नावावर उभा आहे. त्यांच्यापर्यंत उपनिषदे पोहोचली तो मार्ग आम्हां परप्रांतस्थांना विशेष जवळचा वाटेल. १६५७ साली दिल्लीत, यमुनेकाठच्या निगमबोध येथील आपल्या वाड्यात, शाहजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह याने काशीच्या पंडितांच्या साहाय्याने सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर पुरे केले. दिल्लीकर मराठी माणूस आज निगमबोध घाटाला ओळखतो, ते स्मशान म्हणून. दोन वर्षांनी औरंगजेबाने दाराचा शिरच्छेद करविला; पण ग्रंथ वाचला. आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने त्या फारसीवरून केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ साली निघाले. ते शोपेनहाउअरच्या हाती पडले आणि त्याचे जन्माचे सोबती झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तरुण श्रोडिंजर शोपेनहाउअर वाचू लागले आणि त्याच्या बोटाला धरून उपनिषदांपाशी आले. ‘चैतन्य एकच आहे, त्याला अनेकवचन नाही’ हा विचार त्यांनी १९२५ साली एका टिपणात लिहून काढला. त्यांचे सुप्रसिद्ध तरंगसमीकरण प्रसिद्ध झाले, ते १९२६ साली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. समीकरणातून वेदान्त निघाला नाही. वेदान्त आधीच तेथे होता. आणि समीकरण वेदान्तातून निघाले असेही दाखविता येत नाही. १९४३ साली डब्लिन येथे दिलेल्या आणि १९४४ साली ग्रंथरूप झालेल्या, जीवनाचे स्वरूप काय या विषयावरील व्याख्यानांच्या उपसंहारात त्यांनी आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा आदरपूर्वक उल्लेख केला. व्याख्याते तो नेमका वाचून दाखवितात. परंतु त्याच उपसंहारात, त्या उल्लेखाच्या थोडे आधी, श्रोडिंजर यांनी पदार्थवैज्ञानिकांना उद्देशून बजावले आहे की, मनाच्या व्यापाराशी निगडित असलेल्या शारीरिक घटनांत पुंजवादी अनिश्चिततेला कोणतेही महत्त्वाचे स्थान नाही. ज्यांना साक्षीदार म्हणून उभे केले, त्यांची साक्ष अर्धीच ऐकली गेली! अद्वैतावर त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेला आपल्या समीकरणांचा टेकू द्यावा असे त्यांना कधी वाटले नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्नाचे रूप पालटले. जाणीव परमाणूला काय करते, हे विचारणे मागे पडले. परमाणू जाणिवेला काय करतात, हे विचारले जाऊ लागले. या वळणाचे श्रेय ऑक्सफर्डचे गणितज्ञ रॉजर पेनरोज यांना द्यावे लागेल. त्यांची सुरुवात तर्कशास्त्रातून झाली. कुर्ट ग्योडेल यांनी १९३१ साली सिद्ध केले होते की, अंकगणित सामावून घेणाऱ्या कोणत्याही सुसंगत नियमव्यवस्थेत अशी सत्ये असतात की, जी तिच्या नियमांनी सिद्ध होत नाहीत. मनुष्याला मात्र ती सत्ये म्हणून ओळखता येतात. अर्थात मन हे नियमबद्ध गणनयंत्र नव्हे, असे जे. आर. लुकस यांनी १९६१ साली मांडले. पेनरोज यांनी हा धागा १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात पुढे नेला. गणनेत न मावणारी घटना निसर्गात कोठे असेल, तर ती पुंजावस्थेचा निश्चय होण्याच्या क्षणी, असे त्यांनी अनुमान केले. आणि हा निश्चय कोणाच्या पाहण्याने नव्हे, तर गुरुत्वाकर्षणाने होतो, असे सांगितले. द्रष्टा येथे अधिकारपदावरून खाली उतरला. सही आता निसर्गच करतो आणि त्या सहीतून जाणिवेचा एक क्षण उपजतो.

परंतु मेंदूत हे घडते कोठे? उत्तर आले ते एका भूलतज्ज्ञाकडून. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरने भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून जाणीव घालविण्याचे आणि परत आणण्याचे काम वैद्यक रोज करीत आले आहे. पण भुलीने नेमके काय बंद पडते, याचा संपूर्ण उलगडा झालेला नाही. ॲरिझोना विद्यापीठातील स्टुअर्ट हॅमेरॉफ यांचे लक्ष पेशींतील सूक्ष्मनलिकांकडे होते. या नलिका प्रथिनांच्या बनलेल्या, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या असतात. म्हणजे चार हजार शेजारी शेजारी ठेवल्या तर एक दशांश मिलिमीटर भरेल. पेशीचा सांगाडा आणि मालवाहतुकीचा रस्ता, ही त्यांची सर्वमान्य कामे. त्यांच्या प्रथिनांत पुंजवादी सुसंगती टिकून राहते, पेनरोज म्हणतात तो निश्चय तेथे होतो आणि भुलीची द्रव्ये तेथेच अडथळा आणतात, असा सिद्धान्त या दोघांनी १९९० नंतरच्या दशकात उभारला.

आक्षेपांना तोटा नव्हता. सूक्ष्मनलिका मेंदूतच काय, यकृताच्या पेशीतही असतात. मग यकृताला जाणीव का नाही? ग्योडेलवरून काढलेले अनुमान बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना मान्य नाही. कारण मनुष्याची बुद्धी सुसंगत आहे, हेच मुळात कोणी सिद्ध केलेले नाही. सर्वांत मोठा आघात २००० साली माक्स टेगमार्क यांच्या गणिताने केला. मेंदू उष्ण आहे, ओला आहे, त्यात रेणूंची अखंड गर्दी आहे. तेथे सुसंगती टिकेल ती सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही कमी काळ. उलट मज्जापेशीच्या कामाला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. २००२ साली हॅमेरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की, टेगमार्क यांनी गृहीत धरलेली रचना आमची नव्हेच, आणि आमच्या रचनेला हा काळ कितीतरी अधिक येतो. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखाली, सुमारे १,४०० मीटर खडकाच्या आड असलेल्या प्रयोगशाळेत गुरुत्वाकर्षणाने होणाऱ्या निश्चयाच्या कल्पनेची परीक्षा झाली. तसा निश्चय होत असेल, तर जे अतिमंद किरण सुटले पाहिजेत, ते अपेक्षेइतके आढळले नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने त्या कल्पनेचे सर्वांत साधे रूप त्याज्य ठरले. इतर रूपे शिल्लक आहेत. त्याच वर्षी पेनरोज यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते कृष्णविवरांवरील कार्यासाठी, जाणिवेवरील विचारासाठी नव्हे. हेही व्याख्यानांतून सांगावयाचे राहून जाते.

मात्र उष्ण आणि ओल्या सजीव देहात पुंजवादाचे सूक्ष्म खेळ चालतच नाहीत, असेही म्हणता येत नाही. युरोपातील रॉबिन नावाचा चिमुकला पक्षी स्थलांतर करताना पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतो. त्याच्या डोळ्यातील एका प्रथिनात प्रकाशाने निर्माण होणारी इलेक्ट्रॉनांची जोडी हे काम करीत असावी, या क्लाउस शुल्टेन यांच्या १९७८ सालच्या तर्काला २०२१ साली प्रयोगशाळेतून चांगले बळ मिळाले. उलट, वनस्पती सूर्यप्रकाश पचविताना दीर्घकाळ टिकणाऱ्या पुंजवादी सुसंगतीचा उपयोग करतात, हा २००७ साली गाजलेला निष्कर्ष पुढच्या बारा-तेरा वर्षांत बराचसा मागे घ्यावा लागला. एक दावा टिकला, एक ढळला, दोन्ही प्रयोगाने. मेंदूच्या बाबतीतही आता हीच रीत सुरू झाली आहे. २०१८ साली उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात असे दिसले की, झेनॉन वायूचे काही समस्थानिक इतरांपेक्षा कमी प्रभावाने भूल देतात. रासायनिक गुण सारखेच. मुख्य भेद अणुकेंद्राच्या आभ्राम या पुंजवादी गुणाचा. २०२४ साली सूक्ष्मनलिकांना बळकटी देणारे औषध दिलेले उंदीर भुलीने बेशुद्ध होण्यास सरासरी एक मिनिटाहून थोडा अधिक असा जादा वेळ घेतात, असे आढळले. यातून नलिकांचा भुलीशी संबंध सूचित होतो. तो संबंध पुंजवादीच आहे, हे सिद्ध होत नाही. एका-दोन प्रयोगांनी असे प्रकरण निकाली निघत नसते.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. गेल्या काही दशकांत मानसशास्त्रातही पुंजवादाचे गणित वापरले जाऊ लागले आहे. १९९७ साली अमेरिकेत झालेल्या एका जनमत चाचणीत क्लिंटन प्रामाणिक आहेत काय आणि गोर प्रामाणिक आहेत काय, असे दोन प्रश्न विचारले होते. क्लिंटनविषयी आधी विचारले, तेव्हा ५० टक्क्यांनी त्यांना होकार दिला. गोरनंतर विचारले, तेव्हा ५७ टक्क्यांनी. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरे बदलतात, हे पुंजवादी मापनासारखेच आहे आणि तेथील गणित येथे चांगले लागू पडते. पण हे गणित वापरणारे विद्वान स्वतःच बजावतात की, मेंदूत पुंजवादी प्रक्रिया चालतात, असा आमचा दावा नाही. भूमितीने शेत मोजता येते. म्हणून शेत भूमितीचे बनलेले नसते.

मग या इतिहासाचे तात्पर्य काय? एक गोष्ट स्पष्ट आहे. जोवर ही कल्पना ‘चैतन्य गूढ, पुंजवाद गूढ, म्हणून दोन्ही एकच’ या भूमिकेवर उभी होती, तोवर तिचे खंडन करता येत नव्हते आणि म्हणूनच तिला वजनही नव्हते. पेनरोज आणि हॅमेरॉफ यांनी तिला नलिका, सेकंद आणि किरण यांच्या भाषेत उतरविले. तेव्हा ती चुकण्याचा संभव निर्माण झाला आणि त्याचबरोबर तिला शास्त्रीय प्रतिष्ठा आली. त्यांचा सिद्धान्त उद्या खोटा ठरला, तरी हे ऋण राहील. आज तरी बहुसंख्य मेंदूतज्ज्ञ पुंजवादाच्या विशेष साहाय्यावाचूनच आपले काम करीत आहेत.

आणि वेदान्ताचे काय? ‘दृग्दृश्यविवेक’ या प्रकरणग्रंथाची मांडणी वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. रूप हे दृश्य, डोळा द्रष्टा. मग डोळा दृश्य, मन द्रष्टे. आणि अखेर मनही दृश्य, साक्षी तेवढा द्रष्टा. फॉन नॉयमन यांच्या साखळीशी हिचे साम्य डोळ्यांत भरते खरे. पण फरक त्याहून महत्त्वाचा आहे. या ग्रंथाच्या लेखी मनदेखील पाहिल्या जाणाऱ्यांतच मोडते. तेव्हा सूक्ष्मनलिकांतील पुंजवादी व्यवहारांनी मनाची उत्पत्ती उद्या पूर्ण सिद्ध झाली, तरी वेदान्ताच्या हिशेबी तो दृश्याचाच एक नवा तपशील होईल. आणि तो सिद्धान्त फसला, तरी साक्षीच्या विचाराला धक्का पोहोचणार नाही. ज्याचा निकाल प्रयोगाने लागू शकत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचे शिफारसपत्र मागण्यात विज्ञानाचा गौरव होत नाही आणि वेदान्ताचाही नाही.

आपल्याला अभिमानच बाळगावयाचा असेल, तर तो निगमबोधाच्या त्या वाड्यात बसून परक्या भाषेत उपनिषदे उतरविणाऱ्यांचा बाळगावा. त्यांनी कोणाकडून प्रमाणपत्र मिळविण्यासाठी हे कष्ट केले नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याच वृत्तीने आपणही पुंजवादाचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे. ते आपल्याला सोयीचे वाटेल तेथेही आणि गैरसोयीचे वाटेल तेथेही.